‘मावशी, घर विकायचंय का?’ : ज्येष्ठांच्या घरावर गिऱ्हाईक आलं की काय करायचं

दुपारी तीनची वेळ. साखर पेठेतलं जुनं घर, वर माळवद, खाली एकेकाळी मागाचा खट्टखट्ट आवाज होता ती रिकामी खोली. आज्जी दारात बसून चटणीसाठी शेंगा फोडतायत. गाडीवरून दोघं येतात. एकजण पायरीवर टेकतो, पाणी मागतो, मग हळूच म्हणतो, “पोरं पुण्यालाच न्हवं? मग एवढं मोठं घर सांभाळत एकटं काय करलालाव मावशी?”

सोलापुरात एका वकिलांच्या ऑफिसात मी एकवीस वर्षं दस्त टाइप करायचं काम केलं. या वाक्याने सुरू झालेले किती व्यवहार माझ्या टेबलावर आले याचा हिशेब नाही. एवढं मात्र नक्की सांगते, म्हातारी माणसं भावात फसतात त्याच्या कितीतरी आधी एका छोट्या कागदात फसतात. तो कागद कोणता, ते पुढे येईलच. आईवडील, सासूसासरे किंवा शेजारच्या आज्जी-आजोबांसाठी हे सगळं पहिल्यांदाच समजून घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. ज्येष्ठांनी स्वतः वाचला तर उत्तमच.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. घर विकणं म्हणजे पाप नाही, आणि दारात येणारा प्रत्येक एजंट चोर नसतो. घर आज्जींच्या नावावर असेल तर विकायचं की नाही हे आज्जी ठरवतील, पुण्यातला मुलगा नाही. आपलं काम त्यांना वेळ आणि माहिती मिळवून देण्याचं.

पायरी १ : पहिल्या भेटीत द्यायचं फक्त पाणी

उत्तर आधीच पाठ करून ठेवायला सांगा : “घरात विचारल्याशिवाय बोलत नाही. तुमचं नाव, नंबर लिहून ठेवा आणि कुणासाठी घेताय ते सांगा.” बस्स. किंमत सांगायची नाही. “तुमची अपेक्षा किती?” या प्रश्नाला तर उत्तर द्यायचंच नाही, कारण तोंडातून निघालेला आकडा मग वर जात नाही, खालीच येतो. उताऱ्याचा, घरपट्टीच्या पावतीचा, आधार-पॅनचा फोटो काढू द्यायचा नाही. “जरा बघतो आणि परत देतो” म्हणून नेलेल्या मूळ कागदांची फाइल परत मिळवताना लोकांची काय दमछाक होते, ते मी पाहिलंय.

“कुणासाठी घेताय?” हा प्रश्न साधा वाटतो, पण खऱ्या गिऱ्हाइकाला त्याचं उत्तर देता येतं. नुसती फिरवाफिरवी करणारा गडबडतो.

पायरी २ : आपलं काय आहे ते एजंटच्या आधी आपल्याला कळू द्या

शहरातल्या जुन्या पेठांत बहुतेक घरांना सिटी सर्व्हेचा नंबर असतो. तिथली मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, काढा. ऑनलाइन डिजिटल सहीची मिळते, नाहीतर नगर भूमापन कार्यालयात अर्ज करून मिळते. हद्दवाढ भागात सातबारा असेल. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे, हे डोक्यात पक्कं ठेवा. ती नुसती कर भरल्याची खूण असते.

उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव दिसलं तर दचकू नका, निम्म्या सोलापुराची हीच गोष्ट आहे. वारस नोंद करून घ्या. ती राहिली असली की एजंट “तुमचे कागद क्लिअर नाहीत” म्हणत दोन-चार लाख सहज खाली आणतो, आणि काम मात्र अर्ज, मृत्यू दाखला आणि वारसांच्या कागदांचंच असतं.

गुंठेवारीवाल्यांना, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडलेल्या जागेवर राहणाऱ्यांना, हीच भीती दुसऱ्या शब्दांत घातली जाते : “तुमची जागा बेकायदा आहे, उद्या पाडतील.” गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा महाराष्ट्रात २००१ पासून आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना त्याचा लाभ घेता येईल अशी तरतूद झाली. तुमची जागा त्यात बसते का, हे महापालिकेत विचारा. घाबरवणाऱ्याला विचारू नका.

पायरी ३ : भाव काढायचा कसा

एजंट म्हणतो, “घर पडायला आलंय, माळवदाची माती झालीय, याला काय किंमत?” बरोबर आहे, घराला फारशी किंमत नाहीच. किंमत आहे ती खालच्या जागेला. तो जुन्या भिंतींकडे बोट दाखवतो आणि विकत मात्र जमीन घेतो.

सगळ्यात आधी रेडी रेकनर बघा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, विभाग निवडला की त्या पट्ट्याचा दर मिळतो. तो चौरस मीटरचा असतो आणि एजंट बोलतो चौरस फुटांत, तेव्हा हिशेब नीट करा : १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. समजा, पत्रिकेवर १४० चौरस मीटर क्षेत्र आहे आणि त्या पट्ट्यात जमिनीचा दर चौरस मीटरला २५,००० आहे (आकडे केवळ उदाहरणाचे, तुमचे तुम्ही बघा). जागेचेच ३५ लाख झाले. आणि दारातला माणूस “सगळं मिळून बावीस देतो, रोख” म्हणतोय.

रेडी रेकनर म्हणजे बाजारभाव नव्हे, तो सरकारने शुल्क आकारायला ठरवलेला दर. खरा भाव त्याहून जास्तही असू शकतो, क्वचित कमीही. म्हणून त्याच संकेतस्थळावरच्या मोफत ई-सर्चमध्ये आपल्या आसपासच्या मिळकतींचे नोंदलेले दस्त शोधा. ‘सूची क्रमांक २’ उघडली की मोबदला, बाजारभाव, क्षेत्र, तारीख सगळं दिसतं. गल्लीतलं घर गेल्या वर्षी कितीला गेलं याच्या बोळातल्या गप्पांपेक्षा ते बरं. अर्थात कागदावर लिहिलेलाच आकडा दिसतो, टेबलाखालचा दिसत नाही.

रक्कम मोठी असेल तर नोंदणीकृत मूल्यांकनकाराला चार पैसे देऊन अहवाल घ्या. जुन्या घराचं १ एप्रिल २००१ चं मूल्यही त्याच वेळी काढून ठेवा, भांडवली नफ्याच्या हिशेबात सीएला ते लागतं.

आणखी एक. “कागदावर कमी दाखवू, तुमचाही टॅक्स वाचेल” असं कुणी म्हणालं तर हसून नाही म्हणा. दाखवलेली किंमत रेडी रेकनरच्या मूल्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली गेली तर प्राप्तिकराच्या हिशेबात विकणाऱ्याला ते पूर्ण मूल्य मिळालं असंच धरतात. म्हणजे पैसे बावीसचे आणि कर पस्तीसवर.

पायरी ४ : अफवा इंद्रभुवनात, म्हणजे महापालिकेत, तपासा

“रस्ता रुंदीकरणात जाणार.” “उड्डाणपुलात निम्मी जागा जाणार.” “विमान सुरू झालं, आता इथं मजले चढवायला परवानगी मिळणार नाही.” गंमत अशी की विकत घेताना हाच माणूस विमानतळाने भाव पडले म्हणतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विमानतळाने भाव चढले म्हणून सांगतो.

या अफवांना थोडा आधारही असतो, म्हणून त्या चालतात. शहरातल्या नियोजित उड्डाणपुलांचं भूसंपादन वर्षानुवर्षं चर्चेत आहे, आणि विमानतळाजवळ उंचीचे निर्बंध खरोखर असतात. पण तुमच्या नंबरवर काय आहे ते महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढला की कळतं. आणि जागा खरंच संपादनात जाणार असली तरी मोबदला मिळतो. कुणी फुकट उचलून नेत नाही.

पायरी ५ : इसार पावती. इथे थांबून नीट वाचा

हाच तो छोटा कागद : सौदा ठरल्यावर काही रक्कम आगाऊ देऊन-घेऊन केलेला लेख.

साखर पेठेतल्या त्या, आमच्या ओळखीतल्या आज्जींनी अशीच एक पावती केली होती. पाचशेच्या स्टँपवर, दीड पान. मी ती वाचली तेव्हा आज्जी म्हणाल्या, “नुसती पावती हाय की गं ती, त्यात काय?” त्यात काय होतं, ते सांगते.

पहिलं, ‘इसारापोटी रोख रुपये ५१,०००/- मिळाले.’ जमीन-घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख आगाऊ घेता येत नाही, आणि दंड होतो तो रोख घेणाऱ्याला, घेतलेल्या रकमेएवढा. म्हणजे आज्जींना.

दुसरं, ‘उर्वरित रक्कम खरेदीखताचे वेळी.’ खरेदीखत कधी? तारीखच नाही. वर्षभर गेलं तरी आज्जी अडकलेल्या. दुसऱ्याला विकता येत नाही आणि याच्याकडून पैसे येत नाहीत.

तिसरं सगळ्यात हुशार : ‘लिहून घेणार यांचे किंवा ते सांगतील त्यांचे नावे खरेदीखत करून देण्याचे आहे.’ या अर्ध्या ओळीचा अर्थ असा, की पायरीवर पाणी पिणारा तो माणूस गिऱ्हाईक नव्हताच. एक्कावन्न हजारात त्याने घर अडकवून ठेवलं होतं आणि आता तो खरं गिऱ्हाईक शोधत हिंडत होता. बावीसचं अठ्ठावीस-तीसला देऊन मधली रक्कम खिशात घालायची, स्वतःच्या नावावर दस्त करायचा नाही, शुल्क भरायचं नाही.

चौथं, व्यवहार मोडला तर काय, याबद्दल घर घेणाऱ्यावर एक शब्दही नाही. देणाऱ्यावर मात्र ‘टाळाटाळ केल्यास कोर्टामार्फत खरेदीखत करून घेण्याचा हक्क’.

तेव्हा ‘नुसती पावती’ म्हणू नका. इसार पावती किंवा साठेखताने (पुढे विकून देण्याच्या कराराने) मालकी जात नाही हे खरं, पण त्याच्या आधारावर करारपूर्तीचा दावा लावता येतो, आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर असा करार पुरा करून द्यायला लावायचा की नाही याची कोर्टाची मोकळीक बरीच कमी झालीय. “भाव कमी मिळाला” एवढ्या कारणावर करार रद्द होत नाही. करार कायद्यात म्हटलंय ते इतकंच, की मोबदला अपुरा असेल तर संमती मोकळेपणाने दिली होती का हे ठरवताना कोर्ट ती गोष्ट विचारात घेऊ शकतं. त्याला वर्षं लागतात. ऐंशीच्या माणसाकडे ती असतात का?

इसार करायचाच असेल तर चेकने किंवा बँकेतून. खरेदीखताची तारीख लिहून, ती टळली तर करार आपोआप रद्द आणि इसाराचं काय, हेही लिहून. ‘ते सांगतील त्यांचे नावे’ हे शब्द खोडून. आपल्या वकिलाकडून वाचून घेऊनच. घेणाऱ्याने आणलेला वकील तुमचा नसतो, कितीही गोड बोलला तरी. सही त्याच दिवशी करायची नाही, किमान आठ दिवस जाऊ द्या. “उद्या दुसरीकडे पैसे गुंतवतोय” म्हणणाऱ्याला खुशाल गुंतवू द्या.

पायरी ६ : कुलमुखत्यारपत्र

“सारखं ऑफिसात यायला नको, म्हणून फक्त एक मुखत्यारपत्र.” म्हणजे तुमच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद. देऊ नका. मुखत्यारपत्र, मृत्युपत्र आणि साठेखत असा गठ्ठा करून केलेली ‘विक्री’ ही विक्रीच नव्हे, असं सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये स्पष्ट केलं. पण विक्रीचे अधिकार दिलेलं मुखत्यारपत्र हातात असलेला माणूस तुमच्या वतीने खरंखुरं खरेदीखत तिसऱ्याला करून देऊ शकतो. दिलंच असेल तर नोंदणीकृत रद्दपत्र करा, त्या माणसाला पोस्टाने नोटीस पाठवा, पेपरात जाहीर नोटीस द्या.

पायरी ७ : भाऊबंदकीतून शिरणारा माणूस

मोठ्या वाड्यांवर हा डाव खेळला जातो. आज्जी विकत नाहीत म्हटल्यावर एजंट पुतण्याला गाठतो. मुंबईला राहणारा, घराशी संबंध सुटलेला, पैशांची गरज असलेला. त्याचा एक-षष्ठांश हिस्सा घेतो आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणतो, “मी आता तुमचा हिस्सेदार. अर्ध्या खोल्या खाली करा, नाहीतर तुमचाही हिस्सा याच भावात द्या.”

इथे बरीच माणसं हबकून सही करतात, आणि कायदा तर त्यांच्या बाजूने असतो. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला अविभक्त हिस्सा परक्याने घेतला तरी त्याला कुटुंबाबरोबर घरात राहण्याचा, सामाईक ताब्याचा हक्क मिळत नाही, असं मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ सांगतं. त्याने वाटपाचा दावा लावला तर १८९३ च्या वाटप कायद्याच्या कलम ४ प्रमाणे घरातला हिस्सेदार कोर्टाने ठरवलेल्या किमतीत त्याचाच हिस्सा विकत घेण्याची मागणी करू शकतो. आणि हिंदू कुटुंबात वर्ग १ च्या, म्हणजे मुलं, मुली, पत्नी, आई अशा जवळच्या, वारसांपैकी एकाला वारशाने मिळालेला हिस्सा विकायचा असेल तर तो आधी घेण्याचा हक्क, हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ प्रमाणे, बाकीच्या वारसांना आहे. तेव्हा असा माणूस दारात आला तर खोली खाली करायची नाही, कुलूप बदलू द्यायचं नाही, आणि त्याच दिवशी वकील गाठायचा. घुसायचा प्रयत्न केला तर ११२.

पुतण्यालाही एक फोन करा. त्याला पैसेच हवे असतात. घरातल्यांनी मिळून त्याचा हिस्सा योग्य भावात घेतला तर पुष्कळदा तिथेच मिटतं.

पायरी ८ : पैसे आणि दस्ताचा दिवस

खरेदीखतात ‘संपूर्ण मोबदला मिळाला, काही एक तक्रार नाही’ लिहिलेलं असतं आणि हातात असतात पुढच्या तारखांचे चार चेक. मी स्वतः टाइप केलीयेत अशी वाक्यं, आज वाईट वाटतं. दस्त नोंदला की मालकी गेली. पैसे राहिले एवढ्याच कारणावर नोंदलेलं खरेदीखत रद्द होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये पुन्हा सांगितलं. मग नुसता वसुलीचा दावा लावत बसायचं. म्हणून डीडी किंवा खात्यावर जमा झालेली रक्कम बघा, पासबुकात नोंद पाडून घ्या, मगच सही. किल्ली त्यानंतर.

पूर्व भागातल्या कुटुंबांसाठी खास सांगते. अशोक चौकापासून पुढे कितीतरी ज्येष्ठ घरात तेलुगू बोलतात, कुणी कन्नड. दस्त असतो कोर्टाच्या मराठीत, जी मराठी माणसालाही धड कळत नाही. आपल्या विश्वासातल्या माणसाकडून तो त्यांच्या भाषेत समजावून घ्या आणि ‘दस्त तेलुगूत वाचून, समजावून सांगितला’ ही ओळ दस्तातच घाला. ओळख पटवणारे साक्षीदार आपले असावेत, एजंटने चहाच्या टपरीवरून धरून आणलेले नकोत.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ऑफिसात उचलून न्यावं लागत नाही. अर्ज केला आणि फी भरली की दुय्यम निबंधकांकडून गृहभेट होते, अधिकारी घरी येतात. त्यांच्यासमोर ज्येष्ठ व्यक्ती “मला हे मान्य नाही” म्हणू शकते. हे एक वाक्य म्हणायची ती शेवटची जागा. त्या वेळी एजंटला बाहेर अंगणात बसवा.

सही होऊन गेली असेल तर

आधी नक्कल. दस्त नोंदलेला असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रत काढा. मग लगेच वकिलामार्फत नोटीस. वय, आजारपण, मनाची अवस्था याचा गैरफायदा घेऊन मिळवलेली संमती ही करार कायद्याच्या कलम १६ मधली ‘अनुचित प्रभावा’ची गोष्ट आहे आणि असा करार रद्द करून मागता येतो. त्याला मुदत साधारण तीन वर्षांची, तीही फसवणूक कळल्यापासून. त्या काळातले औषधाचे कागद, डॉक्टरांची चिठ्ठी, एजंटचे कॉल, मेसेज काही पुसू नका. सातबाऱ्याची जागा असेल तर फेरफाराच्या (उताऱ्यावरचं नाव बदलण्याच्या) नोटिशीनंतर १५ दिवसांत लेखी हरकत द्या.

खोटी सही, धमकी असेल तर पोलिसांत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. प्राधिकरणाचा फोन १५१००, ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७.

आणि घरचेच असतील तर? लिहायला जड जातं, पण निम्म्या वेळा दारातला माणूस नसतो, घरातलाच असतो. “आई, घर माझ्या नावावर कर, मग मी बघतो सगळं.” बक्षीसपत्र करायचंच असेल तर ‘तहहयात सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे त्यात ठळक लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे ती अट मोडली तर न्यायाधिकरण, म्हणजे प्रांताधिकारी, ते हस्तांतरण रद्द ठरवू शकतात. अट लिहिली नसेल तर भांडण अवघड जातं. त्यापेक्षा मृत्युपत्र करा, ते शेवटपर्यंत बदलता येतं.

साखर पेठेतल्या त्या आज्जींचं पुढे असं झालं. वकिलांनी नोटीस पाठवली, चार महिने निरोपानिरोपी झाली, आणि शेवटी एक्कावन्न हजार बँकेतून परत करून इसार रद्द केल्याचा लेख घेतला, मूळ पावतीसकट. पैसे गेल्याचं स्टेटमेंट, रद्दलेख, पावती, तिन्ही एकत्र टाचलं. मुलगा म्हणत होता, फाडून टाक तो कागद, बघवत नाही. मी म्हटलं, राहू दे पेटीत, झेरॉक्स उद्या पुन्हा कुणी घेऊन आला तर दाखवायला मूळ आपल्याकडे पाहिजे.